ओसरीवरचा मान

२०२५ सालच्या दिवाळीत चकली-करंजीच्या जोडीने आणखी एक जिन्नस घरोघरी वाढला जात होता. तो म्हणजे जगाचे राजकारण. आमचे शेजारी नाना मूळचे दर्यापूरकडचे. बँकेतून निवृत्त झाल्याला पंधरा वर्षे होऊन गेली. पाडव्याच्या सकाळी त्यांच्याकडे फराळाला गेलो, तर नाना अगदी रंगात आले होते. "पश्चिमेचे दिवस भरले," ते सांगत होते. "डचांची सद्दी संपली, इंग्रजांची संपली, आता अमेरिकेची संपत आली. जगाचे केंद्र इकडे सरकते आहे. हे मी नाही म्हणत; त्यांच्याच वॉलरस्टाइनने लिहून ठेवले आहे." मंडळी सुखावली. नानांच्या सूनबाईंनी त्या भरात सर्वांना एकेक लाडू आग्रहाने वाढला. मीही घेतला, आणि खाता खाता मनाशी म्हटले, लाडू उत्तम आहे. साक्षीदार मात्र नानांनी चुकीचा काढला.

हे एकट्या नानांचे मत असते तर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण गेली काही वर्षे हाच सूर रविवारच्या पुरवण्यांत, व्याख्यानमालांत आणि लग्नाच्या पंगतींतही ऐकू येतो. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीला जी-२० ची परिषद भरली. २०२४ साली ब्रिक्सचा गोतावळा वाढला. आणि दर वेळी आपल्याला वाटले की, चला, आणखी एक पाट आपल्या बाजूला सरकला. पाट सरकला हे खोटे नाही. तो कोणत्या खोलीत मांडला आहे, आणि आपण बसलो तेव्हा कोण उभे राहिले, हे विचारण्याची रीत मात्र आपल्यातून हळूहळू निघून चालली आहे. माझे भांडण त्या न विचारण्याशी आहे.

प्रथम त्या साक्षीदाराविषयी. इमॅन्युएल वॉलरस्टाइन हा १९३० साली न्यूयॉर्कला जन्मला. तरुणपणी तो आफ्रिकेचा अभ्यासक होता. घाना आणि आयव्हरी कोस्ट हे त्याचे पहिले विषय. तेथे त्या दिवसांत नवे झेंडे फडकत होते, नवी राष्ट्रगीते म्हटली जात होती. कोको मात्र पूर्वी ज्या बंदरांना जात होता त्याच बंदरांना जात होता, आणि त्याचा भाव पूर्वी जेथे ठरत होता तेथेच ठरत होता. एकेक देश सुटा घेऊन त्याची प्रगती मोजत बसलो तर ह्या गोष्टीचा उलगडा होणार नाही, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने चारशे-पाचशे वर्षांचा पट मांडला. 'आधुनिक विश्वव्यवस्था' ह्या ग्रंथाचा पहिला खंड १९७४ साली निघाला, चौथा २०११ साली. २०१९ मध्ये तो वारला.

त्याचे म्हणणे थोडक्यात असे. सोळाव्या शतकाच्या सुमारास युरोपात एक अशी अर्थव्यवस्था वाढीस लागली की, तीत राज्ये पुष्कळ पण बाजार एक. त्या बाजारात कामाची वाटणी झाली. काही मुलूख केंद्र बनले, काही परीघ, आणि ह्या दोहोंच्या मध्ये काही अर्धपरीघ. शब्द रुक्ष आहेत. वाडा पाहिलेल्या माणसाला माजघर, अंगण आणि ओसरी म्हटले की चटकन समजेल. माजघरात तिजोरी असते. भाव तेथे ठरतात. अंगणात पोती उतरतात आणि घाम गळतो. ओसरीवर मुनीम बसतो. त्याला माजघरातून हाक आली की आत जाता येते, पण त्याचे पान तेथे मांडलेले नसते. अंगणातल्यांवर त्याचा दरारा मोठा. आणि ह्या ओसरीविषयी वॉलरस्टाइनने जे लिहिले आहे तेच नानांनी नेमके वाचलेले नाही. तो म्हणतो की, वाड्यात नुसते माजघर आणि अंगण असते तर अंगणातले लोक केव्हाच एक होऊन आत शिरले असते. ओसरी आहे म्हणून वाडा टिकला. ओसरीवरचा एकाच वेळी लुटला जातो आणि लुटतोही. त्यामुळे तो अंगणातल्यांत मिसळत नाही. उलट, आपल्याला एक दिवस आत घेतील ह्या आशेवर तो दाराशी पहारा करतो.

पहिल्या खंडातले पोलंडचे उदाहरण मला विसरता येत नाही. सोळाव्या शतकात विस्तुला नदीतून राईचे धान्य ग्दान्स्क बंदराला येई आणि तेथून जहाजांत भरून ॲम्स्टरडॅमला जाई. हॉलंडात त्यामुळे माणसे शेतीतून मोकळी झाली. जहाजे, कापड, छपाई, सराफी अशी कामे करू लागली. पोलंडात त्याच व्यापाराने उलटे घडले. धान्याला मागणी वाढली तसा तेथल्या सरदारांनी शेतकरी जमिनीला जखडून टाकला; आठवड्यातले कित्येक दिवस त्याची वेठ मालकाच्या शेतावर. एकाच धान्याने एक देश मोकळा केला आणि दुसऱ्याला वेठीला धरले. मागासलेपण म्हणजे मागे राहून जाणे, अशी आपली भाबडी समजूत असते. पोलंडचा शेतकरी मागे राहिला नव्हता. त्याला बाजारात ओढून मागे नेऊन बसवले होते.

आता नानांचा मुद्दा. माजघराचा मालक बदलतो, हेही वॉलरस्टाइनने सांगितले आहे. सतराव्या शतकाच्या मध्याला डच, एकोणिसाव्याच्या मध्याला इंग्रज, १९४५ नंतर अमेरिका. आणि अमेरिकेचा उतार तो १९७० च्या आसपासपासून धरतो. नानांनी मालक बदलल्याचे वाचले आणि वाडा बदलल्याचा पुकारा केला. तीन वेळा मालक बदलला तरी अंगण होते तेथेच राहिले, हे त्या ग्रंथाचे खरे गाऱ्हाणे आहे.

येथे थोडे आडवळणाने जाऊन एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा विचार आपल्याला न्यूयॉर्कहून आयात करण्याची वस्तुतः गरज नव्हती. १८४१ साली मुंबईच्या 'बाँबे गॅझेट' पत्रात 'एक हिंदू' अशा सहीने इंग्रजीत काही पत्रे आली. ती भास्कर पांडुरंग तर्खडकर ह्या तरुणाची. इंग्रजी राज्यात ह्या देशाची संपत्ती कशी बाहेर चालली आहे, हे त्याने तेव्हा बजावून सांगितले. १८४३ साली रामकृष्ण विश्वनाथ ह्यांनी हिंदुस्थानाच्या प्राचीन आणि सांप्रतच्या स्थितीवर मराठीत पुस्तक लिहिले आणि त्यात हाच हिशेब मांडला. दादाभाई नौरोजींनी लंडनच्या सभेत 'इंग्लंडचे हिंदुस्थानला देणे' हा निबंध वाचला तो पुढे १८६७ साली; त्यांचा मोठा ग्रंथ तर १९०१ चा. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो ह्या दोहोंच्या मध्ये, आणि त्यांनी साहेबाबरोबर ओसरीवरच्या आपल्या कुलकर्ण्यालाही सोडले नाही. भास्कर पांडुरंगांचे नाव आज मराठी एम. ए. झालेल्या किती जणांना ठाऊक आहे? आपल्याच विहिरीचे पाणी बाहेरून बाटलीत भरून आले म्हणजे आपल्याला ते गोड लागते. असो.

वाडा कसा चालतो हे पाहायचे तर कापसासारखी दुसरी वस्तू नाही. तो आपल्या अंगावर आहे, आणि पणतीतही आहे.

१८६१ च्या एप्रिलात अमेरिकेत यादवी सुरू झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस तोवर अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातून वेचला जाऊन येत असे. लिंकनच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे अडवली आणि इंग्लंडातल्या गिरण्यांची चाके थांबू लागली. माजघराने मग दुसऱ्या अंगणाकडे मान वळवली. मुंबईत कापसाचा भाव कित्येक पटींनी चढला. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, असे सांगतात. पैशाचा असा पूर आला की, ठेवायला जागा पुरेना; म्हणून समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांचे भाग कागदावरच दसपट भावाने विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद हा त्या बाजाराचा राजा. १८६५ च्या एप्रिलात दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. तो जेथे शरण आला ते खेडे मुंबईतल्या एकाही दलालाने पाहिले नव्हते, आणि १ जुलै १८६५ ह्या वायदेपूर्तीच्या दिवशी त्याच मुंबईत पेढ्यांमागून पेढ्या कोसळल्या. प्रेमचंदही बुडाला. त्याने तेजीच्या दिवसांत दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला, तोवर ती तेजी लोक विसरूनही गेले होते. बुडाला तरी प्रेमचंद ओसरीवरचा होता. ओसरीवरचा बुडतो तेव्हा त्याच्यामागे मनोरा राहतो.

अंगणात काय राहिले ते पाहायला वऱ्हाडात गेले पाहिजे. वऱ्हाड इंग्रजांनी १८५३ साली निजामाकडून फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी आपल्या ताब्यात घेतले होते. यादवीनंतर अमेरिकेचा कापूस पुन्हा वाहू लागला, तरी एकाच अंगणावर विसंबायचे नाही हा धडा माजघराने घेतला होता. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोचली. खामगावची पेठ तेव्हा हिंदुस्थानातल्या मोठ्या कापूसपेठांपैकी एक. तेथवर खास फाटा टाकला गेला आणि १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या समारंभाला आला. सरकीच्या गावी व्हाइसरॉय! त्या काळचा तेथला कापूस-कमिशनर रिव्हेट-कारनॅक ह्याचा हिशेब मोठा सरळ होता. ही गाडी जाताना कापूस नेईल आणि येताना विलायती कापड आणील. ते कापड इतके स्वस्त पडेल की, गावचा विणकर माग सोडून शेतात मजुरीला येईल. म्हणजे कापूस आणखी पिकेल. ह्यात लपवाछपवी काही नव्हती. हे सारे सरकारी कागदांत लिहिलेले आहे, आणि बव्हंशी तसेच घडले. ज्वारीच्या रानात कापूस आला. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडात माणसे उपाशी मेली, तेव्हा स्टेशने होती, तारायंत्र होते, सरकीची यंत्रे होती. ज्वारी विकत घ्यायला मजुराजवळ पैसा तेवढा नव्हता.

आणि आता दोन गावे. एक पुणे जिल्ह्यातले सुपे, दुसरे कैरो.

सुप्याच्या रानात कापूस फारसा नव्हता. तो ज्वारी-बाजरीचा मुलूख. पण तेजीच्या वर्षांत सगळ्याच धान्याचे भाव चढले, सावकार मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागला, आणि त्याच चढ्या भावांवर नजर ठेवून सरकारने जमीनसारा वाढवून बांधला. भाव उतरले. सारा उतरला नाही. मारवाडी आणि गुजर सावकारांनी हात आखडला आणि जुनी खते कोर्टात नेली. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याचे शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरांतून दस्तऐवज काढून त्यांनी ते जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरले. माणसे त्यांनी फारशी मारली नाहीत. कागद मात्र हुडकून हुडकून जाळले. त्यांना हिंसेची हौस नव्हती. आपल्या मानेवरची दोरी कोठल्या वहीत आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्याच १८७५ सालच्या नोव्हेंबरात कैरोला खेदीव इस्माइल ह्याने सुएझ कालव्याचे आपले सारे भाग, एक लाख शहात्तर हजारांवर, इंग्लंडला सुमारे चाळीस लाख पौंडांना विकले. तोही त्याच कापसाने बुडालेला. अमेरिकेच्या यादवीत मिसरच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खेदीवाने त्या भावाच्या भरवशावर कालवे, राजवाडे, नाटकगृह बांधले आणि लंडन-पॅरिसच्या सावकारांकडून कर्जे काढली. पुढल्या वर्षी त्याचे दिवाळे निघाले. १८८२ साली इंग्रजी तोफा अलेक्झांड्रियावर पडल्या आणि मिसर गेला. सुप्याच्या कुणब्याने कैरोचे नाव ऐकले नसेल. खेदीवाने सुप्याचे तर खासच नाही. दोघांच्या गळ्याला एकाच सुताचा फास होता. विश्वव्यवस्था ह्या शब्दाने मला बोध होतो तो एवढाच.

वॉलरस्टाइनवर माझा आक्षेप नाही असे मात्र नव्हे. त्याच्या खंडांत भाव हलतात, जहाजे हलतात, साम्राज्ये हलतात; माणसे फार थोडी हलतात. सुप्याचा शेतकरी तेथे सापडणार नाही. शिवाय त्याला भविष्य सांगण्याची खोड होती. ही व्यवस्था पंचवीस-पन्नास वर्षांत मोडेल, असे तो १९९८ पासून सांगत होता. तिच्या जागी बरे येईल की वाईट, हे सांगवत नाही अशी पुस्तीही जोडत होता. कुडमुड्या जोशालाही इतकी मोकळीक पुरते. सुप्याचे लोक व्यवस्था मोडण्याची वाट पाहत बसले नाहीत. हाताला लागेल ती वही त्यांनी जाळली, आणि १८७९ साली सरकारला दक्षिणेतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. पण ह्यातली खोच अशी की, त्यांच्या हाताला लागला तो ओसरीवरचा सावकार. लंडन दूर होते. मुंबईदेखील दूर होती. अंगणाचा राग ओसरीने झेलायचा आणि माजघराची झोप मोडू द्यायची नाही, हेच तर ओसरीचे काम.

विसाव्या शतकात अंगणातल्या लोकांनी एकदा मिळून दाराशी जाण्याचा प्रयत्न केला. १९५५ ची बांडुंग परिषद. १९६४ साली व्यापार आणि विकास ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची परिषद उभी राहिली, तिचा पहिला मुख्य चिटणीस अर्जेंटिनाचा राऊल प्रेबिश. कच्चा माल विकून पक्का माल घेणाऱ्याचा हात दिवसेंदिवस खालीच जातो, हे त्याने आकड्यांनी दाखवले होते. १९७४ च्या मे महिन्यात तर आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेचा ठरावही केला. पुढे अमेरिकेत व्याजाचे दर चढले, १९८२ च्या ऑगस्टात मेक्सिकोने हात वर केले, आणि एकेका देशाला एकेकट्याने सावकारापुढे उभे राहावे लागले. त्या एकीची आठवणही आज नवशिक्षितांना हास्यास्पद वाटते. आता प्रत्येकाला आपापली ओसरी हवी आहे.

ओसरीचा मान कसा असतो ते ब्राझीलने दाखवले. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरमसाट अनुदाने देते आणि त्यामुळे जगभर भाव पडतात, अशी फिर्याद ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेकडे नेली. ब्राझील जिंकला, २००५ च्या अपिलातही जिंकला. निकालानंतर अमेरिकेने अनुदाने आवरावीत, अशी आपली साधी समजूत. तिने काय केले? २०१० साली ब्राझीलशी करार केला: आम्ही तुमच्या कापूसवाल्यांच्या निधीला दर साल १४ कोटी ७३ लाख डॉलर देतो, तुम्ही आमच्या मालावर सूडाची जकात बसवू नका. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर एकरकमी देऊन प्रकरण मिटले. हीच तक्रार घेऊन २००३ साली आफ्रिकेतले चार देश, बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली, त्याच संघटनेच्या दाराशी गेले होते. त्यांना आश्वासने मिळाली. ब्राझीलला पैसे, मालीला आश्वासन. ब्राझीलने २०२३-२४ च्या हंगामात कापूसनिर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकले, आणि त्याचे मला कौतुक आहे. पण त्या वाटाघाटीत ब्राझीलने अंगणातल्या चौघांना बरोबर घेतले नाही, हेही खरे. कोणी घेतले असते? आपण घेतले असते काय?

हा प्रश्न मी मुद्दाम आपल्यावर आणतो. २०२५ च्या ऑगस्टात अमेरिकेने आपल्या मालावरची जकात चढवत चढवत पन्नास टक्क्यांवर नेली. तिरुपूरच्या शिवणकामगारांच्या पोटावर तो घाव होता, ह्यात शंका नाही. त्याच महिन्यात आपल्या सरकारने परदेशी कापसावरची ११ टक्के आयात-जकात आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि लगेच ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत उठवली. गिरण्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा, हे कारण. कारण समजते. पण दिनदर्शिका काढून पाहा. वऱ्हाडात, मराठवाड्यात, खानदेशात कापसाची पहिली वेचणी दसऱ्या-दिवाळीला होते. म्हणजे माजघराने ओसरीच्या थोबाडीत मारली, आणि ओसरीने गाल चोळता चोळता तो फटका अंगणात उतरवला. अमेरिका स्वतःच मोठी कापूस विकणारी. तिचा कापूसही त्या उघड्या दारातून बिनजकात आत येण्यास मोकळा झाला. १८९६ साली लँकेशायरची मर्जी राखण्यासाठी आपल्याच गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला तेव्हा टिळकांनी रान उठवले होते. २०२५ च्या दिवाळीत फराळाच्या ताटावर कोणी उठून बसलेदेखील नाही. आपण त्या वेळी केंद्र इकडे सरकल्याच्या आनंदात होतो.

कोणी म्हणेल, हा जुना रडका सूर झाला; चीनने आणि भारताने ह्या चाळीस वर्षांत कोट्यवधी माणसे दारिद्र्यातून वर काढली त्याचे काय? १९५३ साली राखरांगोळी झालेला दक्षिण कोरिया १९९६ मध्ये श्रीमंत देशांच्या मंडळात जाऊन बसला त्याचे काय? आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकणार नाही. अंगणातून माजघरात जाता येते; वॉलरस्टाइनच्या चौकटीला कोरिया जड जातो. पण कोरिया पाच कोटींचा. एकशेचाळीस कोटींना माजघरात जायचे, तर वाड्याचे अंगण कोठे हलवणार? चीनने त्याचे उत्तर द्यायला सुरुवात केली आहे. आफ्रिकेतून तांबे, कोबाल्ट, तेल चीनला जाते, आणि चीनहून यंत्रे आणि कापड तिकडे येते. २०२० मध्ये झांबियाने कर्जफेड थांबवली तेव्हा परक्या सरकारांपैकी त्याचा सर्वांत मोठा सावकार चीन होता. खेदीवाच्या काळची वही आहे. अक्षर तेवढे बदलले.

आपण अंगण फार लांब नेले नाही. आपण ते घरातच ठेवले. महाराष्ट्रात १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. तीत गबाळपणा होता, भ्रष्टाचारही होता. पण भाव माजघराने न ठरवता येथे ठरवावा हा हेतू तरी तीत होता. ती गेली, तेव्हा मुंबई-पुण्याला कळलेही नाही. २००६ च्या जुलैत पंतप्रधान विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची योजना जाहीर करून गेले. ते आले ते आत्महत्यांमुळे, कापसामुळे नव्हे. कापसासाठी यायला १८७० चा व्हाइसरॉय असावा लागतो. देशाच्या उत्पन्नाचा आकडा चढला की आपण पेढे वाटतो. त्या आकड्यात कापसाचा भाव पडल्याचे दुःख मिळवलेले नसते. स्वस्त कापसावर गिरणीने मिळवलेला नफा मात्र असतो. अशी बेरीज ओसरीवर बसूनच करता येते.

हे सगळे त्या पाडव्याला मी नानांना ऐकवले नाही. सणाच्या दिवशी यजमानाच्या तोंडावर पोलंड मारू नये. मी एवढेच विचारले, "नाना, दर्यापूरला यंदा कापसाला काय भाव आहे?"

नाना गप्प झाले. मग म्हणाले, "थांबा, विचारतो." त्यांची आठ एकर जमीन तिकडे मक्त्याने दिलेली आहे. त्यांनी फोन लावला आणि आम्हा सर्वांना ऐकू यावे म्हणून त्याचा आवाज मोठा केला.

"भाऊ, नमस्कार," पलीकडून आवाज आला.

"दिवाळी झाली का रे? सीतादही केलं?"

"केलं न भाऊ. पहिला वेचा झाला."

"भाव काय म्हणतो?"

"भाव कायचा भाऊ. सरकारनं आठ हजार एकशेदहा ठरोला, पन खरेदी केंद्र काही उघडलं नाही. ब्यापारी म्हनते कापूस वल्ला हाय, अन् बाहेरून स्वस्त येऊन राह्यला. हजार-बाराशे तोडून मांगते. ठेवावं म्हनलं तं वेचनारनीचे पैसे द्या लागते."

"बरोबर आहे," नाना म्हणाले. सूनबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या त्या तेथेच उभ्या राहिल्या. नानांनी कप घेतला, बशीत ठेवला, आणि फोन जरा तोंडाजवळ आणून विचारले, "मग मक्त्याचा राहिलेला हप्ता?"

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही.

"संक्रांतीलोक थांबा न भाऊ."

"संक्रांत म्हणजे लांब झाली रे," नाना म्हणाले, आणि आम्ही सगळे ऐकत आहोत हे आठवून त्यांनी फोनचा आवाज बारीक केला.